दचकणं, घाबरणं आणि धास्ती : मध्यरात्रीच्या कडकडाटाचं एक प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. वय ४१, पुरुष, तब्येत ठणठणीत. विजांची भीती आयुष्यात कधी वाटलेली नाही, उलट लांबवर विजा चमकत असल्या की बघत उभं राहायची आवड. पत्नी रात्रपाळीला गेलेली, घरात ते आणि आठ वर्षांची मुलगी. रात्री ११:२० च्या सुमारास झोप लागली. १२:१० ला घराच्या अगदी जवळ वीज पडली. पाच आठवड्यांनंतरची तक्रार: ढग दिसले की पोटात गोळा येतो, झोपण्याआधी हवामानाचं ॲप पाच-सहा वेळा उघडलं जातं, दिवा लावून झोपावं लागतं. आणि या सगळ्याहून जास्त बोचणारं वाक्य: "एवढा मोठा माणूस, आणि विजेला घाबरलो."

(प्रकरण प्रातिनिधिक आहे. असे प्रसंग ज्या क्रमाने घडत जातात, तो क्रम इथे एका माणसाच्या नावावर मांडला आहे.)

दोन आवाज, तीन शब्द

विजेच्या आवाजाला मराठीत दोन शब्द आहेत आणि ते चक्क अंतर सांगतात. गडगडाट लांबचा, कडकडाट जवळचा. विजेचा मार्ग काही किलोमीटर लांब आणि वेडावाकडा असतो. त्यातली हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, स्फोटासारखी फुगते आणि त्या सगळ्या लांबीतून जवळपास एकाच वेळी आवाज निघतो. दूरच्या माणसापर्यंत या मार्गाच्या वेगवेगळ्या तुकड्यांचा आवाज मागेपुढे पोहोचतो, वाटेत त्यातले तीव्र, चिरके स्वर विरून जातात, आणि उरतो तो घरंगळणारा गडगडाट. जवळच्या माणसाला मात्र सर्वांत जवळचा तुकडा एकदम ऐकू येतो: जाड कापड टर्रकन फाटावं तसा आवाज आणि त्याला चिकटूनच दणका.

मनाच्या बाजूलाही असेच नेमके शब्द आहेत. दचकणं अर्ध्या सेकंदाचं असतं, घाबरणं काही मिनिटांचं आणि धास्ती आठवड्यांची. तिन्हींची यंत्रणा वेगळी, तिन्हींवरचा उपायही वेगळा. या गृहस्थांनी तिन्ही गोष्टी एकच धरल्या आणि तिथेच गुंता सुरू झाला.

पहिला अर्धा सेकंद

दचकण्याचा निर्णय आपण घेत नाही. मोठा आवाज एकाएकी कानावर आदळला की संदेश मेंदूच्या खोडातूनच स्नायूंकडे वळतो. विचार करणाऱ्या भागाला खबर लागण्याआधी काम झालेलं असतं. पापण्या साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत आवळतात, पाठोपाठ मान आखडते, खांदे वर येतात, हात पोटाशी ओढले जातात. आवाज किती मोठा आहे याइतकंच तो किती झपाट्याने चढतो यालाही महत्त्व आहे. हळूहळू वाढत गेलेला गडगडाट तितकाच मोठा असला तरी एवढं दचकवत नाही. शूर माणूस दचकतो, भित्राही दचकतो. "मी घाबरट आहे का?" या प्रश्नाचं उत्तर या अर्ध्या सेकंदात शोधण्यात अर्थ नाही, गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडाला म्हणून कुणी स्वतःला दोष देत नाही.

त्या रात्री दचका मोठा का बसला, याला चार कारणं होती. झोप लागून पन्नास मिनिटं झालेली. रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात गाढ झोपेचा वाटा सर्वांत जास्त असतो, त्यामुळे जाग बहुधा अगदी तळातून आली. दुसरं, त्याच क्षणी वीजपुरवठा गेला. पंख्याची घरघर, छोटा दिवा, सगळं एकदम बंद. अंधारात माणसाची दचकण्याची प्रतिक्रिया मुळातच वाढते. तिसरं, रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असली तर वर जाणारा आवाज पुन्हा खाली वाकतो, आणि भोवतालचे बाकी आवाज तर थांबलेलेच असतात.

चौथं कारण या प्रकरणाचं मर्म आहे. पडदे बंद होते आणि डोळेही. दिवसा वीज आधी दिसते, आवाज मागून येतो. प्रकाश ही पूर्वसूचना आहे. ती मिळाली की शरीर सावरून बसतं, नुसतं "आता येणार" एवढं कळलं तरी पुरतं. झोपलेल्या माणसाला मिळाला तो नुसता आवाज, आगाऊ सूचना नसलेला. या गृहस्थांना आजवर विजा आवडत होत्या त्या पूर्वसूचनेसकट. त्या रात्री आवाज मोठा होता हे खरं, पण नवं होतं ते सूचनेचं नसणं.

१२:१० ते १२:५०

१२:१०. ताडकन उठून बसले. छातीत धडधड, तोंडाला कोरड. डोक्यात पहिला विचार विजेचा आलाच नाही. "गॅसचा स्फोट झाला" असं वाटलं. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाचा मेंदू तुकड्यातुकड्याने जागा होतो. हातपाय आधी, तारतम्य मागून. ही झोपेची गुंगी साधारण १५ ते ३० मिनिटं टिकते आणि तेवढ्या वेळात काढलेले निष्कर्ष भरवशाचे नसतात. अशा वेळी पहिलं स्पष्टीकरण जवळजवळ नेहमी प्रत्यक्षापेक्षा भयंकर निघतं.

१२:११. अंथरुणातून उडी मारून अंधारात धावले. एकदम उभं राहिल्याने डोळ्यांपुढे अंधारी आली, पायाची करंगळी दाराच्या चौकटीवर आपटली. मग सरळ खिडकीशी गेले आणि गजाला हात लावून बाहेर पाहू लागले. वादळ चालू असताना घरात टाळायच्या जागा म्हणजे खिडकी, धातूचे गज, नळ आणि तारेने जोडलेली उपकरणं. त्यांनी पहिल्याच मिनिटात त्यातल्या दोन गाठल्या. लगेच तिसरी: चार्जरला लावलेला मोबाइल हातात घेतला. मोबाइल स्वतः धोक्याचा नाही, भिंतीतून आलेली वायर धोक्याची. वीज पुन्हा पडली असती तर लाट त्याच वायरीतून आली असती. अशा वेळी प्लग उपटायलाही जाऊ नये; तो काढायचा तर वादळाआधी.

खरं तर पहिल्या मिनिटात एवढंच करायचं होतं: पाय जमिनीला टेकवून पलंगाच्या कडेला बसायचं, हाताशी ठेवलेली बॅटरी लावायची आणि नाकाचा उपयोग करायचा. जळल्याचा किंवा धुराचा वास, छतातून वा भिंतीतून चरचर, अशी काही खूण आहे का? असेल तर घराबाहेर पडून अग्निशमन दलाला फोन. नसेल तर तपासणी तिथेच संपते. स्विचबोर्ड उघडून बघण्याचं काम सकाळचं.

१२:१४. हात थरथरताहेत, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येताहेत. "हार्ट ॲटॅक तर नाही?" मुंग्या आल्या त्या भराभर श्वास घेतल्याने. श्वास गरजेपेक्षा जोरात चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं, मुंग्या येतात. माणसाला वाटतं श्वास कमी पडतोय, म्हणून तो आणखी जोरात घेतो. या चक्रातून बाहेर पडायचं ते श्वास सोडण्याच्या बाजूने: चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, मिनिटाला सहाच्या आसपास, तीन ते पाच मिनिटं. "दीर्घ श्वास घे" हा लोकप्रिय सल्ला इथे उलटा पडतो, कारण घाबरलेला माणूस नुसता छाती भरून हवा घेत राहतो. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय तर करूच नये. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असला तर तो घातक ठरू शकतो.

आणि त्रास हृदयाचाच असला तर? छातीवर दाबल्यासारखं दुखणं, ते हात, जबडा किंवा पाठीकडे जाणं, थंड घाम, मळमळ, आणि हे सगळं काही मिनिटं बसूनही न ओसरणं. असं असेल तर वीज कडाडली म्हणूनच झालं असेल, या भ्रमात न राहता तातडीची वैद्यकीय मदत मागवायची. या गृहस्थांना यातलं काही नव्हतं.

१२:१६. मुलगी दारात. तिला जाग विजेने आली की बाबा धडपडल्याने, हे सांगता येत नाही.

"बाबा, काय झालं? तू घाबरलास?"

"काही नाही. झोप तू. वीज एकदा पडली की तिथे परत पडत नाही."

दोन वाक्यांत दोन चुका. हात थरथरताना "काही नाही" म्हटलं की मुलाला कळतं ते एवढंच, की काहीतरी आहे आणि ते बोलण्यासारखं नाही. आणि दुसरी समजूत सरळ चूक आहे. एकाच विजेत बहुतेक वेळा तीन-चार झोत लागोपाठ त्याच मार्गाने जातात. वीज लुकलुकताना दिसते ती त्यामुळेच. शिवाय उंच वस्तूंवर वीज पुन्हा पुन्हा पडते. दोन मिनिटांनी पुन्हा कडाडलं तेव्हा बाबांच्या शब्दाची पत गेली. "वीज जवळ पडली, मी दचकलो. हात थरथरताहेत बघ, थोड्या वेळात थांबतील. आपण घरात आहोत, खिडकीपासून लांब बसू," एवढं खरं बोलणं मुलांना झेपतं. किंबहुना थांबतील म्हटलेले हात खरंच थांबताना पाहणं हाच मुलीसाठी सर्वांत मोठा धीर असतो.

१२:२० ते १२:५०. दोघं चादरीत डोकं खुपसून पडले. कानात बोटं. मधूनच गृहस्थ मोबाइलवर वीज पडल्याचे व्हिडिओ बघत होते. अ‍ॅड्रेनलिन रक्तातून काही मिनिटांत निघून जातं; ताणाचं दुसरं संप्रेरक, कॉर्टिसोल, मात्र प्रसंगानंतर वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठतं. म्हणजे बारा चाळीसला "अजून का बरं वाटत नाही?" असं वाटणं अपेक्षितच होतं. त्या वेळात नवा पुरवठा केला नाही तर शरीर आपणहून उतरतं. व्हिडिओंनी नेमका तो पुरवठा केला.

चादरीचं तर विशेषच. ती अंगावर घेणं स्वाभाविक आहे, पण तिने झाकला जातो तो प्रकाश. आवाज झाकला जात नाही. विजेच्या आवाजात खालच्या पट्टीचा वाटा मोठा, आणि तो भिंतीतून, चादरीतून, बोटांमधूनही येतो. परिणाम असा की पुढचा प्रत्येक कडकडाट पहिल्यासारखाच न सांगता आला. वादळ दूर जात होतं, आवाज लांबत होता, पण हे कळण्याचं एकमेव साधन त्यांनी स्वतःच्या हाताने झाकलं होतं.

हे दुसरं काही तर नव्हतं?

तीन गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. काहींना झोपेच्या उंबरठ्यावर डोक्यात स्फोट झाल्यासारखा आवाज येतो आणि ते दचकून उठतात. बाहेर काहीच वाजलेलं नसतं, घरात कुणाला काही ऐकू आलेलं नसतं. काहींना झोपेतच, कसल्याही आवाजाशिवाय, घबराटीचा झटका येतो. तिसरी गोष्ट विचारायला लोक संकोचतात, पण ती विचारायलाच हवी: यापूर्वी स्फोट, गोळीबार, अपघात, घर कोसळणं यातून हा माणूस गेला आहे का? गेला असेल तर वीज हे निमित्त असतं आणि पुढचा मार्ग वेगळा, तज्ज्ञाच्या मदतीचाच असतो. इथे आवाज मुलीनेही ऐकला होता, वीजपुरवठाही गेला होता आणि पूर्वीचा तसा आघात नव्हता.

पाच आठवडे

दुसऱ्या दिवशी धास्ती नव्हती. ती रुजली ती चौथ्या-पाचव्या दिवशी, ढग नुसते भरून आले आणि बरसलेच नाहीत तेव्हा. गृहस्थांनी रात्री दिवा चालू ठेवला, ॲप पाहिलं, वीज कडाडली नाही. मेंदूने हिशेब मांडला: दिवा आणि ॲपमुळे वाचलो. पुढच्या वेळी दोन्ही हवेतच. अशी सुरक्षेची साधनं धास्तीला खतपाणी घालतात, कारण "साधन नसतं तरी काही झालं नसतं" हे कळायची संधीच मिळत नाही. रोमन सम्राट ऑगस्टसची गोष्ट याच जातीची. रात्रीच्या प्रवासात वीज त्याच्या पालखीला चाटून गेली आणि पुढे मशाल धरून चाललेला गुलाम मरण पावला. सम्राटाने वीजदेव ज्युपिटरचं मंदिर बांधलंच, शिवाय पुढे तो संरक्षणासाठी सीलचं कातडं जवळ बाळगत असे आणि मोठ्या वादळाची चाहूल लागली की तळघरासारख्या कमानदार खोलीत जाऊन बसे. तळघर एक वेळ समजण्यासारखं. कातड्याचा हवामान ॲपशी असलेला नातेसंबंध मात्र लक्षात घ्यावा.

पाच आठवड्यांच्या भीतीला विकार म्हणण्याची घाई नको. विशिष्ट गोष्टीच्या भीतीचं निदान सर्वसाधारणपणे सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकलेल्या आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणणाऱ्या भीतीसाठीच करतात. पण धास्ती मोडायला सहा महिने थांबायची गरज नसते.

काय केलं

सुरुवात ॲपपासून. पूर्ण बंद नाही. रात्री आठ वाजता एकदा, आणि त्या एका पाहण्याला कामाची जोड. वादळाची शक्यता दिसली तर टीव्ही, राउटर, चार्जर यांचे प्लग काढायचे, मोबाइल भरून सुटा ठेवायचा, बॅटरी उशाशी, चपला पलंगाखाली, दारापर्यंतची वाट मोकळी. नंतर पाहण्यासारखं काही उरत नाही. पहिल्या तीन रात्री हात ॲपकडे गेला. चौथ्या दिवसापासून कमी.

दुसरी गोष्ट पडद्याची. वादळाच्या रात्री पडदा वीतभर उघडा आणि पलंगाची उशी खिडकीच्या विरुद्ध दिशेला. खिडकीत बघायचं नाही. समोरच्या भिंतीवर उजेड पडतो तो पुरे. बंद पापण्यांतूनही तो थोडा आत येतो. आवाज किलोमीटरला जवळपास तीन सेकंद घेतो, म्हणजे एक किलोमीटरवरच्या विजेची तीन सेकंद आधी वर्दी. शंभर मीटरवर पडली तर वर्दी नाहीच. तेव्हा दचकायचं, त्याला इलाज नाही.

मग ध्वनिमुद्रणाचा सराव. भीतीच्या वस्तूला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं हा या भीतींवरचा सर्वांत भरवशाचा उपचार. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये तो तज्ज्ञासोबत तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत करण्याची पद्धत मांडली. सौम्य धास्तीसाठी घरचा सराव चालतो. दिवसा, रोज २५ मिनिटं, वादळाचा आवाज बोलण्याच्या पातळीवर. भीतीला ० ते १० मध्ये गुण द्यायचे आणि सुरुवातीचा आकडा निम्म्यावर आल्याशिवाय उठायचं नाही. सहावर असताना बंद केलं तर मेंदू शिकतो ते उलटंच: "बंद केलं म्हणून सुटलो."

या सरावात दोन ठिकाणी हमखास फसतं. मोबाइलच्या स्पीकरला खालची पट्टी झेपत नाही, त्यातून येतो तो पत्रा वाजवल्यासारखा आवाज. तो ऐकून काही होत नाही आणि माणसाला वाटतं बरा झालो. थोडा मोठा स्पीकर लागतो, मोठा आवाज मात्र नको. दुसरं, तीच फाइल तीनदा ऐकली की कुठे कडाडणार हे पाठ होतं. इथे तर न सांगता येणं हीच अडचण होती. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून आवाज पत्नीने दुसऱ्या खोलीतून, तिला वाटेल तेव्हा, संध्याकाळी दिवे मालवून लावला. पहिल्या बैठकीला आठ गुण होते. नवव्या बैठकीला तीन. मधे सहाव्या बैठकीला पुन्हा सात झाले होते, त्या दिवशी झोप अपुरी होती. असे चढउतार होतात.

मद्य किंवा मनाने घेतलेली झोपेची गोळी याला स्पष्ट नकार होता. दोन्हींनी जाग टळत नाही, जाग आल्यावरची गुंगी वाढते; आणि १२:११ ला करंगळी कशी ठेचली हे आपण पाहिलंच.

पुढचं वादळ

खरी परीक्षा सराव सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात आली, रात्री दोनच्या आसपास. गृहस्थ दचकले, धडधडही झाली. मुलगी येऊन शेजारी बसली आणि दोघांनी मोजायला सुरुवात केली: भिंत उजळली की पहिला आकडा, आवाज आला की थांबायचं, तीनने भागायचं. चार सेकंद, मग पाच, तीन, सात, अकरा. एखादा आकडा मागे येतो, कारण प्रत्येक वीज ढगाच्या वेगळ्या भागातली असते. बघायचा तो चार-पाच आकड्यांचा कल. विजा मिनिटाला दहा-पंधरा चमकू लागल्या की कुठला आवाज कुठल्या विजेचा हे कळेनासं होतं. तेव्हा मोजणं सोडून आवाजाचा पोत ऐकायचा: फाटल्यासारखा आहे की घरंगळतोय.

ताशी ३६ किलोमीटरने सरणारं वादळ एका किलोमीटरवरून दहा किलोमीटरवर जायला पंधरा मिनिटं घेतं, म्हणजे मोजणी तीनवरून तीसवर. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा हा नियम घराबाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. अंथरुणात जागत बसून तो पाळायचा नसतो. गृहस्थ मात्र त्या रात्री पाळत बसले. अडीचला मुलगी झोपली, ते तीनला. दिवा बंद होता.

मोजणीत एक बारीक दोष राहिला होता, तो सकाळी घड्याळ लावून पाहिल्यावर सापडला. मुलं उत्साहात भराभर मोजतात. मुलीचे नऊ आकडे घड्याळाच्या सहा सेकंदांत बसत होते, म्हणजे दोन किलोमीटरवरची वीज तिच्या हिशेबात तीनवर जात होती. "एक हजार एक, एक हजार दोन" असं म्हणत मोजलं की आकडा सेकंदाच्या जवळ येतो. ती आता तसं मोजते, आणि बाबा घाईने मोजायला लागले की त्यांना थांबवते.